शिक्षक, यंत्र आणि मालकी

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने सरकारी शाळांतील संगणकांवर त्यास बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठवलीही! निर्णय वरचेवर होतात. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे मत विचारण्याची गरज कोणास भासत नाही.

हा शिक्षक यंत्राचा वैरी नाही. पाठाचे टाचण, प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा अशा कामांतील शीण कमी होणार असेल तर त्याला ते हवेच आहे. त्याचा आक्षेप निराळा आहे. घरून लिहून आणलेला निबंध मुलाचा की यंत्राचा, हे पारखण्याचे नवे काम त्याच्या माथी आले. ही पारख करणारे ओपनएआय कंपनीचे स्वतःचे साधन तर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले. रोग विकणाऱ्याकडेच औषध नाही, अशी ही अवस्था.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) उत्पादक श्रमिकाचे उदाहरण म्हणून खाजगी शाळेतील मास्तर घेतला, हे येथे आठवावे. मुलांच्या डोक्यावर मेहनत घेता घेता तो शाळामालकाची संपत्ती वाढवतो. आज मास्तराबरोबर विद्यार्थ्याचा प्रत्येक प्रश्नही मक्तेदार कंपन्यांच्या हाती कच्चा माल म्हणून पडू शकतो.

केरळात मात्र डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारच्या काळात वेगळी वाट धरली गेली. 'काइट' या सरकारी संस्थेने मे २०२४ पासून आठवी ते बारावीच्या ८०,००० शिक्षकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण हाती घेतले. साधनांच्या वापराबरोबर त्यांचे धोकेही त्यात होते. तेथील शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आले आहेत, त्यामुळे शिक्षकाला परवान्यासाठी कंपनीच्या दारात जावे लागले नाही. तीन दिवस अपुरे, हे खरे. पण सुरुवात शिक्षकापासून झाली.

खरा धोका अन्यत्र आहे. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात १ लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथे दुसऱ्या शिक्षकाऐवजी पडदा आणि इंटरनेट देऊन भरती टाळण्याचा मोह कोणत्याही काटकसरी अर्थखात्याला होईल. म्हणून शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रात दोन कलमे हवीत : रिक्त पदे आधी भरावीत, आणि मुलांचे लेखन पालकांच्या संमतीविना कोणत्याही कंपनीला देऊ नये.