जुन्या मोटारीच्या एक्सलचे सांधे : तपासणी व निगा



जोयडा तालुक्यातील वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून काळी नदी, तिचे ओढे व दाट अरण्य पसरलेले आहे. सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव गेले व तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. परंतु रुग्णास मोठ्या इस्पितळात न्यावयाचे झाल्यास आजही अणशी घाट उतरून कारवार गाठावे लागते, नाहीतर रामनगरमार्गे बेळगावची वाट धरावी लागते. अशा प्रसंगी वाडीतील एखादी जुनी मारुती किंवा जीप हीच सर्वांची गाडी होते. तिच्या इंजिनाची व टायरांची विचारपूस मालक करतो. एक्सलच्या सांध्यांची मात्र फारशी कोणी करीत नाही.

मारुती ८०० ही मोटार भारतात १९८३ ते २०१४ या काळात तयार झाली. तिची पुढची चाके गाडी ओढतातही आणि वळतातही. वळलेल्या चाकाला सारख्याच वेगाने फिरवीत राहणे साध्या सांध्याला जमत नाही. दोन लोखंडी चिमटे व मध्ये चार हातांचा क्रॉस, असा जो जुना सांधा रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, तो वाकवला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगात चढउतार करतो. ही उणीव १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेपा याच्या गोळ्यांच्या सांध्याने दूर झाली. मारुतीच्या चाकाजवळचा सांधा याच जातीचा असून त्यात सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात.

हा सांधा स्वतः फार टिकाऊ असतो. त्याचे आयुष्य ठरते ते त्याच्यावरील घडीदार रबरी बुटावर. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने आतील ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याच्या जागी पाणी व तांबडी माती शिरते. कोरड्या मुलुखात असा सांधा काही काळ तग धरील. जून ते सप्टेंबर या काळातील येथील चिखलात तशी आशा करू नये. बुटाची किंमत सांध्याच्या मानाने किरकोळ असते, हे ध्यानी घेतले म्हणजे तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

सांधा पुरता तुटला तर काय होते, हे घाटातून जाणाऱ्याने जाणून घ्यावे. एका बाजूचा एक्सल सुटला की डिफरन्शियलमुळे दुसऱ्या चाकासही जोर मिळत नाही. इंजिन गरजत राहते व गाडी जागची हलत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उतारावर गिअरचा अटकाव नाहीसा होतो. गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडीही मग घरंगळू शकते. मारुतीचा हँडब्रेक मागील चाकांवर चालतो, म्हणून तो वेळीच ओढावा आणि चाकांना दगड लावावेत.

तपासणी मे महिन्यात, पावसापूर्वी, एकदा व पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा करावी. गाडी सपाट जागी उभी करून मागील चाकांच्या पुढेमागे दगड लावावेत. जॅकने पुढची बाजू उचलल्यावर खाली स्टँड वा भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाणे हा शुद्ध अविचार होय. प्रथम चिखल धुवावा, कारण चिखलाखाली चीर दिसत नाही. स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून बुटाच्या घड्या बोटांनी उलगडून पाहाव्यात. चिरा घड्यांच्या तळाशी पडतात. चाकाच्या आतील बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील, तर बूट फाटला असे समजावे. आतील सांध्याचा बूट व दोन्ही बुटांच्या पट्ट्याही पाहाव्यात.

कानाचीही मदत घ्यावी. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश पुढे नेली असता ‘टक् टक्’ असा ठेका ऐकू आला, तर बाहेरील सांधा झिजला आहे. वेग वाढविताना थरथर किंवा पाय काढताना धक्का जाणवल्यास आतील सांध्याकडे संशयाने पाहावे. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

दुरुस्ती जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी, पण ती कशी होते हे मालकास ठाऊक असावे. हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करतात. एक्सल ओढल्यावर गिअरचे तेल वाहून जाते, म्हणून ते आधी काढून घेतात. सांधा रॉकेलने धुऊन व पुसून गोळ्या आणि खाचा पाहाव्यात. त्यावर खड्डे असतील तर पूर्ण सांधाच बदलावा. ग्रीस या सांध्यासाठी असलेले मॉलिब्डेनमयुक्त काळेच हवे; चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस येथे चालत नाही. बूट पीळ न पडता बसवावा आणि हबचा नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा.

जीपची गोष्ट थोडी निराळी. तिच्या प्रॉपेलर शाफ्टला क्रॉसचे सांधे असतात व निपल असल्यास त्यातून ग्रीस भरता येते. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत ते भरावे. ओढ्यातून गाडी गेली असल्यास हे काम लांबणीवर टाकू नये. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतील सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. येथील लोक ती रस्त्याची तांबडी माती समजून पुसून टाकतात, हीच फसगत! धुऊनही दोन-चार दिवसांत ती पुन्हा आली, तर ती माती नव्हे. पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटल्यास शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलटण्याचा धोका असतो. शाफ्ट उतरविण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी व तो त्याच खुणेवर परत बसवावा. अन्यथा दोन सांध्यांचे चढउतार एकमेकांस मारक न ठरता गाडी थरथरू लागते.

अरण्यात बूट फाटल्याचे ध्यानी आल्यास तो स्वच्छ पुसून जाड प्लास्टिक व सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावा. चाक फिरवून पट्टी कोठे अडकत नाही ना, हे पाहावे, आणि पाणी टाळून सावकाश गॅरेज गाठावे. असे बांधलेले बूट घेऊन पावसाळाभर हिंडणाऱ्या गाड्याही असतात. त्यांचे सांधे दिवाळीपर्यंत पोहोचत नाहीत. नवा बूट बसविल्यावर मात्र आठवडाभराने पट्ट्या पुन्हा एकदा तपासाव्यात, कारण प्रथम ढिली होते ती बहुधा पट्टीच.