खडकांतील पत्रण आणि रेखन



गोव्यातील डोंगर कापून रस्ता काढला जातो, खाण उघडली जाते किंवा विहीर खणली जाते, तेव्हा वरच्या जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, चकचकीत, पदर सुटणारा खडक लागतो. पहारीचा एक घाव बसताच त्याचे पापुद्रे निघतात. हे पदर म्हणजे पाण्यातील गाळाचे मूळचे थर, असा समज सर्वत्र आढळतो. तो नेहमीच खरा नसतो. पुष्कळदा हे पदर खडकाला त्याच्या जन्मानंतर, पृथ्वीच्या पोटातील दाबाने आलेले असतात. त्यांना भूविज्ञानात पत्रण म्हणतात. याच खडकांच्या पृष्ठावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा किंवा लांबट खनिजे दिसतात, त्यांना रेखन म्हणतात.

दाबाने खडकाला पदर कसे सुटतात, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या वादाचा होता. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री सॉर्बी याने वेल्समधील पाटीच्या दगडाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १८५३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाटीतील चपटे कण एकमेकांस समांतर लागलेले असून दगड एका दिशेने दाबला गेलेला आहे, असे त्याने दाखविले. लोखंडाच्या ऑक्साइडच्या चकत्या मऊ मातीत मिसळून त्याने ती दाबली, तेव्हा चकत्या दाबाशी काटकोनात फिरून बसल्या. पुढे १८५६ मध्ये जॉन टिंडल याने शुद्ध मेण दाबले, तर त्यातही पाटीसारखे पदर सुटले.

आजच्या ज्ञानाप्रमाणे ही क्रिया तीन मार्गांनी घडते. पहिला मार्ग फिरण्याचा. अभ्रकासारखे चपटे कण दाबाखाली हळूहळू वळतात व दाबाच्या दिशेशी काटकोन करून राहतात. दुसरा मार्ग विरघळण्याचा. गारगोटीच्या कणाची जी बाजू दाबाच्या समोर येते ती खडकातील अत्यल्प पाण्यात विरघळते आणि ते द्रव्य कणाच्या निवाऱ्याच्या बाजूला पुन्हा साचते. मूळचा गोल कण त्यामुळे लांबट होतो, आणि जेथून द्रव्य निघून गेले तेथे अभ्रकाच्या काळसर रेषा उरतात. तिसरा मार्ग नव्या स्फटिकांच्या वाढीचा. उष्णता वाढताच चिकणमातीतील खनिजांपासून क्लोराइट व अभ्रक तयार होतात, आणि ज्या दिशेला दाब कमी त्या दिशेला ते अधिक वाढतात. उष्णता व दाब चढत गेले की त्याच चिखलाची प्रथम पाटी, मग फायलाइट, मग सुभाजा आणि अखेर पट्टिताश्म होतो.

रेखनाचे कारण याच क्रियेत आहे. दाबला गेलेला खडक एका दिशेने आखडतो, तसाच दुसऱ्या एखाद्या दिशेने ताणलाही जातो. कणकेचा गोळा हातांत वळला की त्याची लांब वळी होते. पोळपाटावर सर्व बाजूंनी लाटला की पोळी होते. खडकात हे दोन्ही प्रकार व त्यांमधील सर्व पायऱ्या आढळतात. पोळीसारख्या विरूपणात पत्रण ठळक असते, वळीसारख्या विरूपणात रेखन. मात्र प्रत्येक रेघ ताणाचीच असते असे नाही. मूळचा थर आणि पत्रण हे दोन एकमेकांस छेदतात तेथेही रेघ उमटते. ही रेघ बहुधा वलीच्या अक्षाला समांतर असते. म्हणून हातातील लहान तुकडाही संपूर्ण डोंगराच्या वलीची दिशा सांगू शकतो.

गोव्यातील सावर्डे व डिचोली या गटांतील अतिप्राचीन खडक अशाच वलीकरणातून गेलेले आहेत. त्यांचा सर्वसाधारण कल वायव्य-आग्नेय आहे. लोहखनिजाबरोबर सापडणाऱ्या पट्टेदार क्वॉर्ट्झाइटातील लोह व गारगोटीचे पट्टे मुळात गाळाचे. शेजारच्या फायलाइटातील पदर मात्र पुष्कळसे पत्रणाचे. हा भेद ओळखला तरच खनिजाचा थर कोठे वळला याचा अंदाज बांधता येतो. एकाच वलीकरणाच्या प्रदेशात थर व पत्रण एकाच बाजूस उतरत असून थराचा उतार पत्रणाहून अधिक तीव्र असेल, तर तेथे थर उलटे झाले आहेत असे समजावे.

या ज्ञानाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे दारुण उदाहरण फ्रान्समधील मालपासे धरणाचे आहे. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री हे कमानी धरण फुटले आणि ४०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. धरण पट्टिताश्मावर उभे होते. डाव्या तीरावर कमानीचा रेटा पत्रणाला समांतर पडत होता. त्या रेट्याने खडकातील फटी आवळल्या गेल्या व झिरपणारे पाणी मागे कोंडले. खाली एक विभंग होता. कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने पत्रण व विभंग यांच्यामधील खडकाची पाचर उचलली गेली. काँक्रीटचा दोष नव्हता. पायातील खडकाची ठेवण वाचली गेली नव्हती.

खाणीत वा घाटरस्त्यात प्रमाण लहान असले तरी नियम तोच. पत्रण कापलेल्या दरडीच्या बाहेरच्या बाजूस उतरत असेल आणि त्याचा उतार दरडीपेक्षा सौम्य असेल, तर प्रत्येक पदर घसरगुंडी ठरतो. पावसाचे पाणी पदरांत शिरले की उरलासुरला आधारही जातो. पत्रण दरडीच्या आत उतरत असेल, तर अशा घसरणीचे भय बरेच कमी.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पर्यवेक्षकाने होकायंत्र व उतारमापक घेऊन पत्रणाची दिशा, त्याचा उतार किती अंश व कोणत्या बाजूस, तसेच रेखनाचा रोख, यांची नोंद नकाशावर करावी. कापणी जसजशी पुढे जाईल तसतशी नोंद पुन्हा घ्यावी, कारण वलीच्या प्रदेशात काही पावलांवर उतार फिरतो. या कामाला फारसा खर्च लागत नाही, आणि दरडीखाली राबणाऱ्या मजुराचे प्राण पुष्कळदा याच नोंदीवर अवलंबून असतात.