ग्रंथावाचून चालत आलेले ज्ञान



ज्या धर्माला ग्रंथ नाही, त्याचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते तरी कसे? याचा विचार करण्यासाठी आज आपण ब्राझील देशातील साल्वादोर शहरी जाऊ. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी येथे आपले देव जपले. ब्राझीलमधील गुलामगिरी संपली ती १८८८ साली. या धर्माचे नाव कांदोंब्ले. त्यातील देव ते ओरिशा, देवस्थान म्हणजे तेरेइरो, आणि सर्व विधींतून वाहणारी शक्ती ती आशे. येथील जुन्या देवस्थानांचे प्रमुखपद बहुधा स्त्रीकडे असते.

तेरेइरोमध्ये पाठशाळा भरत नाही. दीक्षा घेणारी व्यक्ती काही काळ एकांतात राहते आणि योरुबा भाषेतील गाणी, देवाचे नृत्य, वागण्याची रीत अंगी मुरवून घेते. पुढे कित्येक वर्षे ती नैवेद्य रांधू लागते, झाडलोट करते आणि पाहत राहते. फार प्रश्न विचारणे हा तेथे उतावळेपणा समजला जातो. कोणते पान कोणत्या देवाचे, ते कोणते गाणे म्हणत हाताळावे, हे काम करता करता कळते. ज्येष्ठता मोजतात ती दीक्षेच्या वर्षांवरून. साठ वर्षांची नवदीक्षित बाई, लहानपणीच दीक्षा घेतलेल्या तरुण मुलीला मान देते. सात वर्षांनंतरचा विधी पार पडला की मग ज्येष्ठांत गणना होते.

एवढा विलंब कशासाठी? माहिती तोंडाने सांगता येते. आशे मात्र हाताने, श्वासाने आणि सहवासानेच द्यावी लागते, अशी तेथील श्रद्धा आहे. शिवाय या लोकांनी पोलिसांचे छापेही सोसले. बाहिया राज्यात तेरेइरोंना पोलिसांकडे नोंद करावी लागे. ती अट १९७६ साली सुटली. गुप्तता हेच त्यांचे कवच होते.

पण या कवचाची किंमतही जबर आहे. योग्य शिष्य न भेटता एखादी वृद्धा गेली, की तिच्या मनातले तिच्याबरोबरच जाते. म्हणून कित्येकांनी गुपचूप वह्या लिहिल्या. आई स्तेला यांनी तर उघडपणे लेखणी हाती घेतली. १९१० साली स्थापन झालेल्या 'इले आशे ओपो आफोंजा' या तेरेइरोच्या त्या १९७६ पासून प्रमुख होत्या. लिहिले नाही ते काळाच्या ओघात जाईल, असे त्या बजावीत. १९९३ मध्ये त्यांनी तेरेइरोतील आचारधर्मावर पुस्तक काढले. २०१३ मध्ये बाहियाच्या साहित्य अकादमीवर त्यांची निवड झाली. २०१८ साली त्या निवर्तल्या.

मग वही खरी की सहवास? मला वाटते, पानांची नावे वहीत टिकतील; ते पान खुडावे कसे, हे कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावे लागेल. वही हरवली तर माणूस ती पुन्हा लिहील. माणूसच उरला नाही, तर वही वाचून दीक्षा कोण देणार?