डब्यातल्या कॅसेटी

लोणावळा आणि सिनेमा म्हटलं की आपल्याला घाटातली शूटिंगं आठवतात. पण हे नातं त्याहून जुनं आहे. दादासाहेब फाळके राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं शिळाछापाचं काम करत. तो छापखाना आपल्या मळवलीचा. पुढे १९०८ साली त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यातलं थोडंफार आज पाहायला मिळतं ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपलं म्हणून. सरकारनं हात दिला नसता तर तेवढंही उरलं नसतं.

आता देहूरोडला चला. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणूस मावत नाही. माझा एक मित्र भाड्याचा कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं तिथे जायचा. पगारातून वाचवलेले पैसे त्यात घालायचा. भीमगीतं गाणारे शाहीर, पुस्तकांचे स्टॉल, पोराला खांद्यावर घेऊन दर्शनाच्या रांगेत उभे असलेले बाप, हे सगळं त्यानं टिपलं आणि चाळीस मिनिटांचा माहितीपट केला. आम्ही तो एका विहाराच्या अंगणात बांबूला चादर बांधून दाखवला. मध्येच एक आजी उठून म्हणाल्या, “मागं घे रं, आमची आक्का दिसली.” आक्का दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मित्रानं ते दृश्य चार वेळा मागे घेतलं. कुणीही कुरकुर केली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यानं या चित्रणाच्या कॅसेटींचा डबा उघडला. लोणावळ्याची ओल तुम्हाला सांगायला नको. कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. अकरापैकी चार चालल्या. आक्कांची त्यात नव्हती.

मित्राच्या या माहितीपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र नव्हतं, तो थिएटरला लागला नाही. म्हणून सरकारदरबारी तो झालाच नाही! मला हे मान्य नाही.

कुणी म्हणेल, दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना मिळालाच की मान. मिळाला, आणि त्याचा मला अभिमान आहे. नगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘फँड्री’लाही. पण एका दिग्दर्शकाला मान मिळाला म्हणून त्याच्या मागेपुढे असलेल्या सगळ्यांची नोंद होत नाही. सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगावच्या लढाईच्या स्मृतीवर माहितीपट केला. असं काम करणारी मुलं आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

१९७२ साली दलित पँथरनं आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्याच अमेरिकेतलं आणखी एक उदाहरण आपण घ्यावं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत चार्ल्स बर्नेट या विद्यार्थ्यानं सुट्टीच्या दिवशी, शेजारपाजारच्या माणसांना घेऊन ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट केला. कत्तलखान्यातल्या एका मजुराची ती गोष्ट. त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न सुटला नव्हता, म्हणून तो रीतसर थिएटरला लागायला २००७ साल उजाडलं. पण त्याआधी, १९९० सालीच, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तो जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत घेतला होता. थिएटरची वाट न पाहता सरकारला दखल घेता येते, ती अशी.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाकडे माझं मागणं एवढंच आहे. वस्त्यांमधून, स्वतःच्या खिशातून केलेल्या या चित्रपटांची नोंदवही सुरू करा. थिएटरची अट घालू नका. त्यांची एकेक प्रत पुण्याच्या संग्रहालयात ठेवण्याची सोय करा. राज्य पुरस्कारांत त्यांना जागा द्या. लोणावळ्याहून लोकलनं दीड-दोन तासांत पुण्याला पोचता येतं. आपल्या कॅसेटींना तेवढा प्रवास घडू द्या.

आणि श्रोतेहो, तुमच्याही घरी माळ्यावर अशा कॅसेटी असतील. जयंतीची मिरवणूक, जलसा, मोर्चा, जे काही असेल ते. या रविवारी त्या खाली काढा, कोरड्या फडक्यानं डबा पुसा, प्रत्येक कॅसेटवर गाव, साल आणि चित्रण करणाऱ्याचं नाव लिहा, आणि पावसाळ्याआधी त्यांची नक्कल करून घ्या.