चेहरा घासण्याआधी

मैत्रिणींनो, कोरड्या ब्रशने रोज चेहरा घासायचं खूळ आता आपल्या नव्या मुंबईतल्या मुलींतही शिरलंय. मेलेली कातडी निघते, उजळपणा येतो म्हणे. आपल्याकडे घासायला वजरी होती, पण ती टाचांना. उटणं दिवाळीत, तेही तेल लावून, ओलं कालवून. चेहऱ्याची कातडी टाचेपेक्षा फार पातळ. तिचा वरचा थर साधारण महिनाभरात आपोआप गळून नवा येतो. उलट रोजच्या घासण्याने सावळी कातडी आणखी काळवंडते. मग त्या डागांवर क्रीम! बिनलेबलच्या क्रीममध्ये पारा असू शकतो, त्याने मूत्रपिंडं बिघडतात.

१९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. डबीवरचं नाव बदललं. मुलगी बघायला येणाऱ्यांचा प्रश्न तोच राहिला.

तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरची निवडणाऱ्या बायांनी तर ब्रशच्या वाटेला जाऊच नये. खरचटलेल्या गालावर मिरचीची धूळ म्हणजे आगच. साधं पाणी, मऊ कापडाने टिपणं, एवढं पुरे. डाग वाढले तर महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. आणि घरातली मुलगी गाल घासताना दिसली, तर तिच्यावर ओरडू नका. तिच्या रंगावरून कोण काय बोललं, ते विचारा आणि त्या माणसाशी जाऊन बोला.