न उघडलेला निरोप



मोबाइलवरून कुणाची फसवणूक झाली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अरे, पण तू दाबलंस काय?" लिंक दाबली असेल, ओटीपी सांगितला असेल, भलतंच अ‍ॅप घेतलं असेल. पुष्कळदा ते खरंही असतं. आज मात्र मी अशा हल्ल्यांबद्दल बोलणार आहे, ज्यांत मालकानं काहीच केलेलं नसतं. फोन उशाशी पडलेला असतो, मालक झोपेत असतो आणि तेवढ्यात फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

२०१५ सालच्या जुलै महिन्यात जोशुआ ड्रेक या संशोधकानं अँड्रॉइडमधले असे काही दोष जगापुढे आणले. तो झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीत होता. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ आणि गाणी वाचून दाखवणारा जो भाग होता, त्याचं नाव स्टेजफ्राइट. एमएमएसमधून व्हिडिओ आला की फोन तो आधीच वाचून ठेवी, म्हणजे तुम्ही निरोप उघडलात की खोळंबा नको. सोय चांगलीच होती. घात झाला तो त्या वाचण्यात.

व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. ती पाहून फोन मेमरीत जागा राखतो. आता जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. ९९,९९९ झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. संगणकातल्या आकड्यालाही अशी ठरावीक घरं असतात. बेरीज त्यांत मावली नाही की तीही शून्यापासून सुरू होते. हल्लेखोर फाइलमध्ये मुद्दाम एवढा मोठा आकडा घालतो की फोनचा हिशेब चुकून अगदी लहान येतो. फोन थोडीशीच जागा राखतो आणि तिच्यात भरपूर मजकूर भरायला लागतो. उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर चढतो. तो हल्लेखोरानंच बेतलेला असतो, त्यामुळे पुढे फोन त्याचं ऐकायला लागतो.

झिम्पेरियमच्या अंदाजानुसार त्या वेळी सुमारे ९५ कोटी अँड्रॉइड उपकरणं या दोषांच्या टप्प्यात होती. हल्लेखोराला तुमचा मोबाइल नंबर माहीत असला की पुरे. ड्रेकनं गूगलला नुसता दोष कळवला नव्हता, दुरुस्तीही लिहून दिली होती, आणि गूगलनं ती दोन दिवसांत आपल्या मूळ प्रतीत घेतली. खरी रखडपट्टी त्यानंतरची. दुरुस्ती फोन बनवणाऱ्या कंपनीकडे जाणार, ती आपल्या एकेका मॉडेलला बसवून बघणार, काही देशांत त्यावर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीची संमती लागणार. जुना आणि स्वस्त फोन या रांगेत सगळ्यात मागे. त्याच ऑगस्टपासून गूगलनं आपल्या नेक्सस फोनसाठी दर महिन्याला सुरक्षा अपडेट सुरू केलं. सॅमसंग आणि एलजी यांनीही तसं जाहीर केलं. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' म्हणून जी तारीख दिसते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

हे ऐकून आयफोनवाल्यांनी फार खूश होऊ नये. २०२१ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला सौदी अरेबियातल्या एका कार्यकर्त्याच्या आयफोनमध्ये पेगॅसस सापडलं. हे इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर. ते आत आलं होतं आयमेसेजमधून. नावापुढे 'जिफ' लिहिलेली, म्हणजे हलत्या चित्राची वाटणारी, पण प्रत्यक्षात पीडीएफ असलेली एक फाइल आली. फोननं ती स्वतःहून वाचायला घेतली. आत चित्र होतं जेबिग-टू नावाच्या पद्धतीनं आवळलेलं. स्कॅनर आणि फॅक्समधली काळी-पांढरी पानं लहान करण्यासाठी निघालेली ही जुनी पद्धत. ती वाचणाऱ्या प्रोग्रामात दोष कोणता होता? तोच, स्कूटरच्या काट्याचा.

पुढची करामत मात्र थक्क करणारी आहे. जेबिग-टूमध्ये चित्राचे तुकडे एकमेकांवर ठेवून त्यांची तार्किक जुळणी करता येते. हल्लेखोरांनी अशा सत्तर हजारांहून अधिक आज्ञा एकामागोमाग रचून त्या चित्राच्या पोटात एक छोटासा संगणकच उभा केला आणि पुढचा हल्ला त्याच्याकडून करवून घेतला. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटानं तो उलगडून दाखवला, तेव्हा त्यांनाही त्याच्या कारागिरीला दाद द्यावी लागली. मलाही द्यावीशी वाटते, आणि त्याचा रागही येतो. एवढी बुद्धी कुणाच्या तरी खाजगी बोलण्यावर पाळत ठेवायला खर्ची पडली. अ‍ॅपलनं १३ सप्टेंबर २०२१ रोजी दुरुस्ती दिली.

अशा चुका होतात, कारण फोनचा बराचसा भाग सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांत लिहिलेला आहे. राखलेल्या जागेबाहेर लिहिणाऱ्याला या भाषा आपणहून अडवत नाहीत. रस्टसारख्या नव्या भाषा अडवतात. अँड्रॉइडचं नवं काम अशा भाषांत होऊ लागलं आणि गूगलच्याच आकड्यांनुसार, सापडणाऱ्या एकूण दोषांत मेमरीच्या दोषांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३५ टक्क्यांवर आला. दोष संपलेले नाहीत, पण दिशा बरोबर आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्यावर पेगॅसस कोण कशाला सोडेल? बरोबर आहे. ते महागडं हत्यार आहे. पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी यांच्यासाठी. (अशांनी आयफोनमधलं 'लॉकडाउन मोड' जरूर चालू करावं, २०२२ पासून ते आहे.) आपला धोका वेगळा. दुरुस्ती जाहीर झाली की दोष नेमका कुठे होता हेही उघड होतं. ज्याच्या फोनवर ती दुरुस्ती आली, तो सुटला. ज्याच्या फोनला कंपनीनं अपडेट देणंच बंद केलंय, त्याच्या फोनमधला दोष मात्र तसाच राहतो आणि आता तो सगळ्यांना माहीत झालेला असतो. घरोघरी मुलाचा जुना फोन वडिलांकडे जातो, आणि त्याच फोनवर त्यांचं पेन्शनचं बँक खातं असतं.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करणं कंपन्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे खोक्यावर एमआरपी छापावी लागते, ही तारीख छापावी लागत नाही. ती छापायला लावली पाहिजे, आणि ग्राहक चळवळीतल्या संस्थांनी ही मागणी लावून धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारून झालं की दुकानदाराला एवढं विचारा, "सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार?" उत्तर मिळालं नाही, तर दुसरा फोन बघा.