आकस आणि अमर्ष



इंग्रजी शिकविण्यात आमचे उभे आयुष्य गेले. तेव्हा इंग्रजी शब्दांवरच बोलावे असे आम्ही ठरविले. परंतु शब्द निवडले ते मात्र कडू. आंब्याच्या दिवसांत पाहुण्यांच्या पानात कारले वाढावे तसे हे झाले. पण आपले वर्षच मुळी पाडव्याला कडुनिंब खाऊन सुरू होते, तेव्हा आपण चालवून घ्याल.

गोष्ट अशी. एकदा आम्ही फळ्यावर एक साधे इंग्रजी वाक्य लिहिले. एकाने काही टोचून बोलले आणि दुसऱ्याने ते ‘रिझेंट’ केले, एवढाच त्याचा मजकूर. मुलांना म्हटले, याचे मराठी करा. कोणी लिहिले, ‘त्याला राग आला.’ कोणी, ‘त्याला वाईट वाटले.’ एका अभ्यासू मुलाने कोश चाळून ‘त्याने आकस धरला’ असे लिहिले. औश्याकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता, त्याने लिहिले, ‘त्याला ते बोलणं लागलं.’

आता पाहा. राग येतो आणि जातो. वाईट वाटायला कोणाचा दोष असावाच लागतो असे नाही. पाऊस गेला तरी वाईट वाटते. आकस धरणाऱ्याला तर आपण आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. ‘रिझेंटमेंट’ या शब्दात दुखावलेपण आहे, आपल्यावर अन्याय झाला ही खात्री आहे, आणि ते दुखणे पुन्हा पुन्हा वर येणे आहे. शब्द आला फ्रेंचमधून. तिकडे मूळ अर्थ पुन्हा जाणवणे, तीव्रतेने जाणवणे असा. सतराव्या शतकातले इंग्रज उपकाराच्या जाणिवेलाही हाच शब्द लावीत. पुढे त्यातला उपकार गळाला आणि अपमान तेवढा राहिला. माणसाला काय लक्षात राहते, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही!

या कुळातले इतर शब्दही मौजेचे आहेत. ‘बिटर’ म्हणजे कडू. त्याचे नाते चावण्याशी. ‘ग्रज’ म्हणजे मनातली अढी. तो निघाला कुरकुरण्यातून. ‘अम्ब्रेज’ हे मूळचे सावलीचे नाव. आणि ‘रँकर’, म्हणजे मुरलेला द्वेष, याचा मूळ अर्थ खवटपणा. लातूरच्या आडतीत ज्यांनी तेलबिया पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको, की ताजे तेल आणि खवट तेल एकाच घाण्यातले असते. मध्ये गेलेले असतात ते दिवस. मराठीतही आपण माणसाचा स्वभाव खवट म्हणतोच.

तर अन्यायाची चीड आणि हा खवटपणा एक की दोन? जोसेफ बटलर नावाच्या धर्मोपदेशकाने 1726 साली छापलेल्या प्रवचनांत ते वेगळे केले. ठेच लागताच येणारा राग निराळा, आणि अन्याय पाहून विचारपूर्वक टिकणारा राग निराळा, असे त्याचे म्हणणे. 1759 साली ॲडम स्मिथने तर या दुसऱ्या रागाला न्यायाचा राखणदार ठरविले. नीत्शेने मात्र 1887 मध्ये त्याच्या खवट बाजूवर बोट ठेवले : दुबळ्याचा राग आत कोंडला की तो विष होतो.

पण यासाठी विलायतेला जाण्याचे कारणच नव्हते. आपल्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत एक आहे ‘अमर्ष’. मृष् म्हणजे सोसणे. अमर्ष म्हणजे न सोसणे. विद्येने, ऐश्वर्याने किंवा बळाने वरचढ असलेल्याने हिणविले, म्हणजे तो उपजतो, असे तिथे म्हटले आहे. आणि तो दाखवायचा कसा? मान खाली घालून विचार करणे, निश्चय करणे, उपाय शोधणे, साह्य शोधणे. दात-ओठ खाणे त्यात मुख्य नाही! भारवीच्या पहिल्याच सर्गात द्रौपदी युधिष्ठिराला जे सुनावते, ते याच भावाच्या अभावाबद्दल. असा नेमका शब्द आपण पोथीत ठेवून दिला आणि बोलण्यात आकस, डूख, खुन्नस, दावा एवढेच शिल्लक ठेवले.

हे आम्हांला का बोचते ते सांगतो. फार वर्षांपूर्वी आम्ही नोकरीच्या मुलाखतीला पुण्यास गेलो होतो. बाहेर बसलेल्या उमेदवाराला आम्ही सहज विचारले, ‘काय करायलाव?’ दारातले एक गृहस्थ हसले. ‘निजामाकडचे दिसता,’ म्हणाले. एवढेच. त्या गृहस्थांचा आम्ही द्वेष केला नाही, परंतु ते हसू आजही ऐकू येते.

मराठवाड्याचेही तसेच आहे. विनाअट महाराष्ट्रात आलो, 1953 चा नागपूर करार झाला, आणि मग मागे पडल्याची तक्रार केली की ‘यांच्या मनात आकस आहे’ हे उत्तर तयार. 1984 साली दांडेकर समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात जिल्हावार रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा हिशेब मांडलेला होता. ‘अनुशेष’ हा कोरडा सरकारी शब्द त्यामुळे घरोघरी गेला. तो आम्हांला आवडतो. उपाय शोधणे म्हणतात ते हेच. आमच्या वडीलधाऱ्यांनी निजामी शाळेत उर्दू शिकताना आणखी एक शब्द घरी आणला होता, ‘शिकवा’. शिकवा आपल्या माणसाजवळ करायचा असतो. मराठवाड्याची पुण्या-मुंबईकडची तक्रार ही त्या जातीची.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही सोयीचे बोललो असे होईल. 1978 च्या जुलैत विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. आपला नांदेड जिल्हा त्यात मागे नव्हता. विरोध करणाऱ्या सर्वांच्याच हाती पलिते नव्हते, हे खरे. परंतु ज्यांच्या हाती होते तेही मराठवाड्यावरील अन्यायाचीच भाषा बोलत होते. नाट्यशास्त्राची कसोटी इथे लावून पाहा. वरचढाने हिणविलेले कोण होते? घर जाळणारा, की ज्याचे घर जळाले तो? पुण्यातल्या एका हसण्याची आठवण आम्ही जन्मभर बाळगली, आणि आमच्याच गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या काय ऐकवले जात होते, त्याला मात्र कोणी प्रश्न केला की आम्ही आकस म्हणत आलो. 1994 च्या 14 जानेवारीला नामविस्तार झाला. मध्ये सुमारे साडेपंधरा वर्षे गेली. एवढ्या काळात तेल कसे राहते, ते आडत्याला विचारा.

असो. तो औश्याकडचा मुलगा तास संपल्यावर आमच्याकडे आला. म्हणाला, ‘सर, परीक्षेत काय लिहू?’ आम्ही म्हणालो, ‘लागलं, असंच लिही.’ योगायोगाने तो शब्द परीक्षेत आला, त्याने तसेच लिहिले, आणि तपासनिसाने ‘ग्राम्य’ असा शेरा मारून गुण कापला. उत्तरपत्रिका घेऊन तो आमच्या खोलीत किती तरी वेळ मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, ‘सर, फेरतपासणीचा अर्ज कुठं मिळतो?’